आत्याच्या पाच ओळी

अफझलगंजच्या त्या गल्लीत शिरलं की आधी ओल्या पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास येतो, दुकान मागाहून दिसतं. आज दुपारीही तसंच झालं. गल्लीत आता मोबाईलची कव्हरं, दप्तरं आणि लग्नपत्रिका विकणारे खेटून बसलेत. बशीरभाईंचं दुकान अर्ध्यावर आलंय आणि त्या अर्ध्यातही झेरॉक्सच्या मशीनने ऐसपैस जागा बळकावलीय. वास मात्र जागचा हललेला नाही. बशीरभाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची मुलगी नसीम आता वह्या-पुस्तकं बांधते. तिच्याकडून मला आत्याची यंदाची वही न्यायची होती.

"उस्तानी के आँखाँ कैसे हैं अब?" नसीमने वही पुसत विचारलं. बापासारखीच तीही आत्याला उस्तानी, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणते.

"बहुत कम दिखता. उजाला-अंधेरा समझता, बस."

"फिर लिखते कैसा?"

"हाथ को आदत है ना," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण वहीची कोरी पानं मी उगाच चाळून पाहिली.

माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत तिने जन्मभर शिकवलं, आणि शाळेत लागली त्या वर्षापासून ती रोज पाच ओळी लिहिते. अठ्ठावन्न वर्षं झाली, एकही दिवस सुटलेला नाही. दर एप्रिलमध्ये जुनी वही संपते, नवी सुरू होते. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले, तरी तिने लिहिणं सोडलं नाही. यंदा प्रथमच ती वही न्यायला आली नाही, मला पाठवलं. तिचं लिहिणं बंद पडलं तर तिचं काय होईल, हा विचार मी महिनाभर डोक्यात घेऊन फिरत होते. आणि ही एकोणसाठावी वही कोरीच राहिली तर ती कपाटात ठेवायची कुठे, हाही.

या वह्या विकत मिळत नाहीत, त्या जमवाव्या लागतात. वार्षिक परीक्षा संपली की आत्याच्या वर्गातली मुलं आपापल्या जुन्या वह्या घेऊन आमच्या घरी यायची आणि त्यांतली उरलेली कोरी पानं आत्याला द्यायची. आत्याने लग्न केलं नाही, ती आमच्याच घरात राहायची. पुढच्या खोलीत चटई अंथरून ती ब्लेडने पानं सोडवत बसे आणि मी त्यांचे गठ्ठे लावत असे: एकेरी रेघांची, दुरेघी, गणिताची चौकटींची, चित्रकलेची बिनरेघांची. पानं कधी सारखी मिळत नसत. त्यामुळे आत्याच्या वहीतला जून दुरेघी असायचा, श्रावण चौकटींचा, आणि दिवाळी चित्रकलेच्या जाड कागदावर यायची. एखाद्या पानाच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धवट भागाकार राहून गेलेला असे. आत्या तो खोडत नसे. त्याला वळसा घालून लिहीत असे.

मग आम्ही दोघी गठ्ठा टॉवेलात बांधून बसने कोठी भागातून अफझलगंजला जायचो. एप्रिलचं ऊन, मुशी नदीचा नाक धरायला लावणारा वास (बशीरभाई त्याला कौतुकाने 'हमारी हवा' म्हणायचे), दुकानाच्या फळीवर बसून पाय हलवत पाहिलेलं त्यांचं काम. दाभणाने भोकं पाडायची, दोरा मेणावर ओढायचा, मग एकेक जुडी शिवत जायची. दोरा कागदातून ओढला जाताना एक बारीक सर्र असा आवाज येई, तो ऐकत मी अर्धा-अर्धा तास गप्प बसलेली असे. घरी मला पाच मिनिटं गप्प बसवणं कुणाला जमत नव्हतं. शेवटी निळ्या कापडाचा कणा चिकटवला की बशीरभाई वही मांडीखाली दाबून ठेवत, आणि त्यांचा दरवर्षीचा प्रश्न विचारत.

"क्या लिखते जी रोज रोज, उस्तानी?"

"आज जो हुआ, वो."

"कुछ बी नै हुआ तो?"

"वो बी लिखती," आत्या म्हणायची, आणि दोघंही हसायची.

लिहायची वेळ साडेचारची. शाळेतून आली की हातपाय धुणं, चहा, एक बिस्किट, आणि मग खिडकीपाशी लाकडी स्टूल ओढून ती बसे. आमच्या घराचे तेवढ्या दहा मिनिटांचे नियम वेगळे होते. रेडिओ बंद. भांडी घासायची नाहीत. पाहुणे आले तर आई त्यांना मागच्या दाराने आत घेई आणि कुजबुजत पाणी विचारी. घरात कुणाला ताप असला तरी तो तेवढ्या वेळात हळू आवाजात कण्हायचा, असं दादा, म्हणजे माझे वडील, चिडवायचे. आत्या त्यांची धाकटी बहीण. चिडवायचे, पण साडेचारला पेपरची घडी करताना आवाज होऊ नये म्हणून पेपर तसाच उघडा मांडीवर धरून बसायचे, हेही मी पाहिलंय.

तिचं पेन शाई ओढून घेणारं. बॉलपेनला ती हात लावत नसे. "बॉलपेन ढकलावं लागतं गं," ती म्हणायची, "हे आपलं आपण चालतं." रविवारी सकाळी पेन धुऊन त्यात निळी शाई भरायची, ती बरोबर पुढच्या रविवारपर्यंत पुरायची. तिच्या मधल्या बोटाच्या पेरावर एक निळा डाग कायमचा होता. मला वाटायचं, मोठ्या बायकांच्या बोटांवर तो असतोच. माझ्या बोटावर तो कधी येणार याची मी वाट पाहायची.

नऊ-दहा वर्षांची असताना मी तिची एक वही चोरून वाचली. आत केवढी गुपितं असतील असं वाटलं होतं. आत होतं: 'आज पाचवीचे पेपर तपासले. खिडकीची कडी बसवली. वहिनींनी अंबाडीची भाजी केली. गार वारं होतं. बस उशिरा आली.' पुढचा दिवस: 'आज शाळेला सुट्टी. उशांचे अभ्रे शिवले. दादाला खोकला. दूध नासलं. संध्याकाळी पाऊस.' मी पानामागून पानं उलटली. बरं वाटलं, वाईट वाटलं, राग आला, असलं कुठेही काही नाही. माझं नाव सबंध महिन्यात दोनदा, त्यात एकदा माझी चप्पल तुटली म्हणून. मी इतकी खट्टू झाले की चोरी केल्याचं विसरून थेट तिच्याकडेच तक्रार घेऊन गेले.

"हे काय लिहितेस? यात काहीच नाही!"

आत्या रागावली नाही. "चप्पल तुटली होती की नाही?"

"तुटली होती."

"मग आहे की सगळं बराबर," ती म्हणाली आणि वही हातातून काढून घेतली.

तिचं हे बराबरपण मला पुढे फार जाचलं. दादा गेले तेव्हा मी पंचविशीत होते. तेराव्यानंतर कपाट लावताना वही दिसली आणि मी ते पान काढलं. 'आज पहाटे दादा गेला. डॉक्टर सहाला आले. शेजारच्यांनी चहा पाठवला. दुपारी नळाला पाणी आलं नाही. ऊन फार होतं.' पाचच ओळी. ज्या भावाने तिच्यासाठी तीस वर्षं पेपर उघडा धरला, त्याला तेवढ्याच ओळी आणि त्यातली एक नळाला! मी तिच्यावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. दगड म्हणाले.

ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी जास्त लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी लिहायला बसवलंच नसतं मला."

तेव्हा मला ते पटलं नाही. आता माझी पन्नाशी उलटून गेल्यावर पटतं, आणि त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात. तिने आपलं काम इतकं छोटं ठेवलं होतं की आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशीही ते उचलता येईल.

मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. सोनेरी कडांच्या डायऱ्या झाल्या, कुलपाची एक झाली, लग्नानंतर दोघांची मिळून एक झाली. सगळ्यांचं पहिलं पान म्हणजे नुसता निबंध, सूर्योदयासकट. मग अकरा जानेवारीच्या आसपास माझा जीव जातो. हल्ली फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलंय, ते रोज साडेनऊला टिंग करून विचारतं, आज कसं वाटलं? मी रोज ते बोटाने बाजूला सारते. माझ्या मुलीने एकदा आत्याला सुचवलं होतं, "आजी, तुम्ही फोनमध्ये बोलून ठेवा ना, लिहायची गरजच नाही." आत्या म्हणाली, "बोलायचा कंटाळा येतो मला." तीच मुलगी आता इंजिनिअरिंगच्या वह्यांतली कोरी पानं आत्यासाठी न सांगता बाजूला काढून ठेवते. मराठी तिला अडखळतच वाचता येतं, पण कोरं पान ओळखायला भाषा लागत नाही. यंदाच्या वहीत तिचेच आलेख-कागद आहेत.

तर ती वही पिशवीत घालून मी मेट्रोने नारायणगुड्याला आले. आमचं जुनं घर पाडून तिथे अपार्टमेंट झालंय, त्यात दोन खोल्या आत्याच्या. स्वयंपाकाला आणि सोबतीला लक्ष्मम्मा असते. आत्या खिडकीपाशी बसली होती, उजेडाकडे तोंड करून. वही हातात दिल्यावर तिने आधी ती हुंगली, मग अंगठ्याने कण्यावरून शिवणीचे टाके मोजत गेली.

"नसीमचा हात बापासारखाच घट्ट आहे," ती खूश होऊन म्हणाली. "आता जुनी घे. माझ्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली कधी उघडली ते बघ त्यात. महिन्याच्या वर वापरायची नाही म्हणालेत डॉक्टर. इत्मिनानानं बघ, घाई नाही."

मी जुनी वही उघडली आणि शेवटाकडे आले. अक्षर फार बिघडलं होतं, ओळी वर-खाली तरंगत होत्या, पण ते मला माहीत होतं. मग एका पानावर शाई फिकी झाली. पुढच्या पानावर ती धुतल्यासारखी दिसत होती. त्यापुढच्या पानावर काही नव्हतं. मी चष्मा पुसला. पान उलटलं, आणखी एक उलटलं. कोरं, कोरं, कोरं. कागद तेवढा सुरकुतलेला.

खिडकीत शाईची चौकोनी बाटली होती. टोपण उघडून पाहिलं. आत स्वच्छ पाणी.

"सापडलं का गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. हे बघ. 'आज डोळ्यांत नवे थेंब घातले. बरं वाटलं.'"

आत्याने मान माझ्याकडे वळवली. "बरं वाटलं?" तिने विचारलं. "असं मी लिहीन? काय करू लालीस तू तिथं? खरं काय आहे ते वाच."

मला रडू फुटलं. अठ्ठावन्न वर्षं खरं लिहिणाऱ्या बाईच्या वहीत मी खोटं घुसवायला निघाले होते, तेही तिच्यासमोर बसून. मी सांगून टाकलं. "आत्या, शाई नाहीये. बाटलीत पाणी आहे. तू पाण्याने लिहितेयस."

लक्ष्मम्मा हात पुसत धावत आली आणि बाटली पाहून तिने कपाळावर हात मारला. "अय्यो! शाई पूरा खतम था अम्मा. मैं बाटली धोके पानी भरी, मनीप्लँट का डाली लगाने. डाली लाने का रह गया!" डहाळी आणायची राहिली, टोपण परत लागलं आणि आत्याने नेहमीच्या जागी चाचपून पेन भरलं. तीन रविवार.

"तरीच," आत्या सावकाश म्हणाली. "शाईचा वास येईना. मला वाटलं, डोळ्यांपाठोपाठ आता नाकही चाललं."

लक्ष्मम्मा रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. आत्याने हात पुढे केला, मी वही तिच्या मांडीवर ठेवली. ती त्या सुरकुत्यांवरून बोटं फिरवत राहिली.

"किती दिवस झाले?"

शाई फिकी झाली त्या पानावरची तारीख पाहून मी म्हणाले, "एकोणीस."

"एखादा सुटलाय का, तेवढं बघ."

मी वही खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. पाणी वाळून कागद जिथे आक्रसला होता तिथे ओळींचा माग लागत होता. अक्षर एकही लागत नव्हतं. पण मी एकेक दिवस मोजला. प्रत्येक दिवसाच्या पाच ओळी होत्या.

"एकही नाही सुटला."

"मग झालं," ती म्हणाली.

पण झालं नव्हतं. निदान माझ्यासाठी नव्हतं. मी तिच्याजवळ सरकले. "आत्या, तू त्या दिवसांचं सांग, मी लिहून काढते. आठवेल तेवढं."

"नक्को. आज बसून मागचं लिहिलं, तर ते आजचंच होतं. ती पानं असू दे तशीच."

"बरं. मग यापुढचं तरी. तू रोज फोनवर पाच ओळी सांग. नवी वही मी माझ्या घरी ठेवते, तीत उतरवत जाईन. एक दिवस चुकवणार नाही, शप्पथ."

मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटेल. तिचा चेहरा उतरला. माझ्या दिशेने ती बघत राहिली, दिसत काही नसताना. इतक्या वर्षांत मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती.

"आणि साडेचारला मी काय करू?" तिने विचारलं.

दादा गेले त्या दिवशी तिने काय धरून ठेवलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. तेच मी प्रेमाने तिच्या हातातून काढून घ्यायला निघाले होते. घड्याळात पावणेचार झाले होते. मी चपला घातल्या.

शाईची बाटली मिळवणं हे नारायणगुड्यात आता सोपं काम राहिलेलं नाही. पहिल्या दुकानात पोराने मला जेल पेनं दाखवली. दुसऱ्यात प्रिंटरची शाई काढून दिली. तिसऱ्या दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कंदिलाची वात मागितली होती. चौथ्यात, शाळेच्या रस्त्याला एक म्हातारे गृहस्थ होते, ते स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेली एक बाटली काढून फडक्याने पुसू लागले. माझा श्वास वर-खाली होत होता. "इतनी क्या जल्दी, अम्मा?" त्यांनी विचारलं. "साढ़े चार बजे लिखना है," मी म्हणाले. त्यांना ते पुरेसं वाटलं.

घरी आले तेव्हा लक्ष्मम्माने पेन धुऊन वाळत ठेवलं होतं आणि आत्याचा चहा होऊन गेला होता. मी शाई भरली. भरताना माझं मधलं बोट निळं झालं, ते मी पुसलं नाही. जुन्या वहीची उरलेली तीन पानं सोडून द्यावीत असं आत्याने ठरवलं आणि नवी वही मांडीवर घेतली. लक्ष्मम्माने न सांगता मिक्सर बंद केला. खाली रस्त्यावर गाड्या वाजत होत्या, त्यांना काही सांगणं शक्य नव्हतं.

आत्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने पानाची कड धरली, तिथून दोन बोटं आत मोजली आणि पेन टेकवलं. मी वाकून बघत होते. आलेख-कागदाच्या बारीक चौकटींवर निळी शाई ओली चमकत उमटू लागली. तिने काय लिहिलं ते सांगते, कारण अशा दिवशी ती निदान एकदा तरी मन मोकळं करील अशी वेडी आशा मला होती. पहिली ओळ: 'आज नवी वही आली.' दुसरी: 'एकोणीस दिवस पाण्याने लिहिल्याचं कळलं.' तिसरी: 'लक्ष्मम्माला मनीप्लँटची डहाळी आणून द्यायची आहे.' चौथ्या ओळीला पेन पुरेसं खाली आलं नाही, ती तिसरीच्या डोक्यावरच सुरू झाली. अक्षरात अक्षर मिसळत गेलं.

"उमटतंय का?" आत्याने न थांबता विचारलं.

पुन्हा खोटं बोलण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. "उमटतंय, आत्या. छान निळं उमटतंय. पण चौथी ओळ तिसरीवर चढलीय."

"चढू दे गं," ती म्हणाली. "एकाच दिवसातल्या आहेत दोघी." आणि पाचव्या ओळीसाठी तिने पेन खाली आणलं.